साथीतला राजा

दसरा चौकात संध्याकाळी पाच मिनिटं निवांत कधी थांबलाय? आपण थांबतो ते बसची वाट बघत, नाहीतर मित्राची, आणि तोवर मान मोबाइलमध्ये. एकदा मान वर करून बघा. समोर राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा. आजूबाजूला बोर्डिंगं... मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग, लिंगायत समाजाचा चित्रदुर्ग मठ. आणि चालत अगदी थोड्या अंतरावर सीपीआर, म्हणजे कोल्हापूरकरांचा थोरला दवाखाना.

हे सगळं एकाच जागी का, हा प्रश्न मला तीन वर्षांत एकदाही पडला नव्हता. पडला तो मागच्या पावसाळ्यात. रूममेटला ताप भरला, सबमिशन तोंडावर, आणि रात्री दहा वाजता आम्ही दोघं त्याला रिक्षात घालून थोरल्या दवाखान्यात नेला. रांगेत आमच्या पुढे गगनबावड्याकडून आलेली एक आजी, मागे ऊसतोडीची टोळी. केसपेपर काढणाऱ्यानं नाव विचारलं, वय विचारलं, गाव विचारलं. बस्स. आणखी काही विचारलं नाही. सलाइन लागलं, ताप उतरला, चार दिवसांत पठ्ठ्या मेसमध्ये भाताच्या दुसऱ्या वाढीला हजर! पण ती रांग डोक्यातून गेली नाही. अशी रांग, जिथं कोण कुठल्या घरचा हे कुणी विचारत नाही, ती काही आपोआप लागत नसते. कुणीतरी कधीतरी ती लावलेली असते. लायब्ररीत शोधत गेलो, आणि परत दसरा चौकातल्या त्या पुतळ्यापाशीच आलो.

मित्रांनो, शाहू महाराजांवर भाषण आपण शाळेपासून ऐकत आलोय. २६ जूनला सामाजिक न्याय दिन असतो, मिरवणूक निघते, हार पडतात. आरक्षण, कुस्ती, राधानगरी हे शब्द आपल्याला पाठ आहेत. पण दुष्काळ आणि साथ यांच्याशी झुंजलेला विशी-पंचविशीतला राजा मला तरी नवीन होता. म्हणून हा लेख.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, कसबा बावड्यातल्या लक्ष्मी-विलास पॅलेसमध्ला. मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले, नाव यशवंतराव. आई लहानपणीच गेली. कोल्हापूरची गादी रिकामी झाली तेव्हा आनंदीबाई राणीसाहेबांनी १७ मार्च १८८४ रोजी त्यांना दत्तक घेतलं आणि यशवंतरावांचे शाहू छत्रपती झाले. तेव्हा दहावं वर्षही पुरं झालं नव्हतं. पुढे वडीलही कुमारवयातच गेले. शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात, नंतर धारवाडला फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. २ एप्रिल १८९४ ला राज्यकारभार हातात आला तेव्हा वय एकोणीस. म्हणजे आपल्याकडं सेकंड इयरला असतो ना, तेवढं! आपण त्या वयात एम-थ्री सुटतो का नाही या काळजीत असतो.

दोनच वर्षांत पहिली परीक्षा आली, आणि तिला सिलॅबस नव्हता. १८९६ साली पावसानं दगा दिला. दुष्काळ पडला. धान्याचे भाव चढले, आणि ज्यांच्याकडं साठा होता त्यांनी तो दाबून ठेवला. महाराजांनी स्वतः संस्थानात फिरून परिस्थिती बघितली. बाहेरून धान्य आणवलं आणि ते दरबारच्या दुकानांतून स्वस्तात विकायला लावलं. रस्ते, विहिरी, तलाव यांची कामं काढली, म्हणजे हाताला काम आणि पोटाला भाकरी. शेतकऱ्यांना तगाई दिली. जनावरांच्या वैरणीची सोय केली, कारण बैल मेला तर पुढच्या वर्षी पाऊस पडूनही शेत पडीकच राहणार. ज्यांच्या अंगात काम करायचं त्राण नाही अशा म्हाताऱ्या, अपंग माणसांसाठी निराधार आश्रम उघडले.

इथपर्यंतचं कुठलाही चांगला कारभारी करेल असं आपण म्हणू. पण यात एक बारीक गोष्ट आहे. दुष्काळी कामावर बाया यायच्या त्या कडेवर पोरं घेऊन. आई खडी फोडणार आणि मूल उन्हात. महाराजांनी या मुलांसाठी कामाजवळ शिशुगृहं सुरू केली. मुलांना सांभाळायचं, खायला घालायचं, आणि आई निर्धास्त कामावर. आपण सिव्हिलवाले साइट व्हिजिटला जातो तेव्हा सळईला साडीची झोळी बांधून त्यात झोपलेलं बाळ किती वेळा बघितलंय? बांधकाम कामगारांसाठी देशात कायदा झाला १९९६ साली, आणि पन्नासाहून जास्त स्त्री कामगार असतील तिथं पाळणाघर हवं असं कलम त्यात आलं. कोल्हापूरच्या दुष्काळी कामावर ते शंभर वर्षं आधी होतं. बावीस वर्षांच्या मुलाला हे सुचलं, कारण तो हिशेबाच्या वहीत न बघता कामावर जाऊन बघत होता.

दुष्काळ ओसरतो न ओसरतो तोच प्लेग आला. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात पहिले रोगी सापडले आणि माणसं जीव मुठीत धरून गावोगाव पळाली. त्यांच्याबरोबर रोगही पळाला. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ पासून सुरू झालेली. जी गाडी गूळ घेऊन जायची, तीच आता भीती घेऊन येऊ लागली.

प्लेग म्हणजे काय, हे त्या वेळी डॉक्टरांनासुद्धा पुरतं उमगलेलं नव्हतं. जंतू सापडला होता १८९४ मध्ये, हाँगकाँगला, यर्सिन या शास्त्रज्ञाला. पण उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग माणसापर्यंत आणते हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं दाखवलं ते १८९८ मध्ये, आणि ते सगळ्यांना पटायला आणखी काही वर्षं गेली. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली होती, जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचूनही घेतली होती. पण खेड्यातल्या माणसाला सुईची भीती प्लेगपेक्षा जास्त.

अशा वेळी सरकारनं काय करायचं? पुण्यात काय झालं ते आपल्याला इतिहासात आहे. गोरे सोजीर घराघरांत घुसून झडत्या घेऊ लागले, रोग्यांना ओढून नेऊ लागले, देवघरापर्यंत बूट गेले. लोक रोगापेक्षा इलाजाला भ्यायले. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. रोग हटवायला निघालेल्या सरकारवर लोकांचा विश्वासच उरला नव्हता, आणि विश्वास नसला की औषध असून नसल्यासारखं. लोक रोगी लपवतात. लपवलेला रोगी दहा जणांना घेऊन जातो.

कोल्हापुरात महाराजांनी भर दिला तो गाव मोकळं करण्यावर. वस्ती सोडून माळावर, शेतात झोपड्या बांधून राहायचं. आज आपल्याला यामागचं शास्त्र कळतं. गाव सोडलं की उंदीर, पिसू आणि माणूस ही साखळी तुटते. पण नुसता हुकूम काढून गाव उठत नसतं. ज्याच्याकडं पैसा आहे तो मळ्यात छप्पर घालेल. ज्याच्याकडं एक वासासुद्धा नाही त्यानं काय करायचं? म्हणून गरिबांना झोपडीसाठी साहित्य दरबारकडून मिळू लागलं, औषधपाण्याची सोय झाली, आणि राजा स्वतः छावण्यांमधून फिरू लागला. राजा येऊन बघतोय म्हटल्यावर माणूस थोडा धीरानं घेतो. यानं प्लेग संपला असं मुळीच नाही. पुढची बरीच वर्षं तो परत परत येत राहिला, माणसं मरत राहिली. पण हुकूम पाळायचा तर आधी तो पाळता येईल अशी माणसाची परिस्थिती करावी लागते, हे या तरुण राजाला दुष्काळानं आणि प्लेगनं मिळून शिकवलं. मला वाटतं, त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाची किल्ली इथंच आहे.

कारण बघा, पुढं त्यांनी जे जे केलं ते याच धाग्यानं जातं. शाळा-कॉलेज होतं, पण खेड्यातल्या पोरानं शहरात राहायचं कुठं? जेवायचं कुठं? १८९६ मध्ये राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींसाठी एक वसतिगृह काढून बघितलं. ते चाललं नाही. एका चुलीवरचं जेवण आणि एका छताखाली राहणं त्या काळच्या समाजाला पेलेना, आणि गरजू बहुजन पोरं बाहेरच राहिली. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग. पुढच्या वीस वर्षांत मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती, कायस्थ प्रभू, चांभार-ढोर, नाभिक... एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य समाजाच्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आलं. जागा दिली, इमारतीला पैसा दिला, खर्चासाठी उत्पन्न लावून दिलं. जैन बोर्डिंगात राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ही वसतिगृहाची कल्पना महाराष्ट्रभर नेली.

आता आपल्यातला कुणीतरी विचारणारच, जातवार बोर्डिंगं काढून जात मोडते का राव? प्रश्न बरोबर आहे. मलाही पडला. जातीच्या नावानं बांधलेली भिंत पुढं कित्येक ठिकाणी टिकून राहिली हे खोटं नाही. पण १९०१ साल डोळ्यासमोर आणा. समोर दोनच रस्ते होते. समाज सुधारेपर्यंत थांबायचं, नाहीतर समाज आहे तसा धरून पोरांना आधी शहरात आणायचं. महाराजांनी दुसरा धरला. उपाशी माणसाला आधी जेवू घाला, पंगत कशी बसवायची ते नंतर बघू, असा हा दुष्काळात शिकलेला हिशेब. आणि पंगतीचा प्रश्न त्यांनी सोडून दिला नव्हता, ते पुढं येतंच.

२६ जुलै १९०२ ला संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांना ठेवण्याचा हुकूम निघाला. महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले होते. हुकूम मात्र इथं लागू झाला.

दुष्काळाची भीती त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही. १९०७ मध्ये भोगावती नदीवर धरणाची योजना हाती घेतली. तिथं वसवलेल्या गावाला कन्येच्या नावावरून राधानगरी म्हणतात. छोट्याशा संस्थानाच्या तिजोरीला हे काम झेपणारं नव्हतं. पैसा संपायचा, काम थांबायचं, परत सुरू व्हायचं. महाराजांच्या हयातीत ते पुरं झालं नाही, पुढं कितीतरी वर्षांनी झालं. आज जुलै-ऑगस्टमध्ये राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की आपण पंचगंगेला पाणी बघायला गाड्या काढतो. पण ते धरण एका दुष्काळाला दिलेलं उत्तर आहे, हे आपल्या ध्यानात नसतं.

दवाखान्याकडं परत येऊ. आपला थोरला दवाखाना त्या वेळी अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणून ओळखला जायचा. अमेरिकेहून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी यांची नेमणूक इथल्याच स्त्रियांच्या विभागावर झाली होती, पण रुजू होण्याआधीच १८८७ मध्ये त्या गेल्या. वय अवघं एकवीस. कोल्हापूरच्या बायकांसाठी स्त्री डॉक्टरची जागा तशीच राहिली. पुढं महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर या दवाखान्यात आल्या. महाराजांनी त्यांना जास्तीच्या शिक्षणासाठी आयर्लंडला पाठवलं. पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा न दाखवणाऱ्या घरांतल्या बायका आता दवाखान्याची पायरी चढू शकत होत्या.

म्हणजे इमारत होती, डॉक्टर होते, औषध होतं. तरी एका माणसासाठी दार अजून बंदच होतं. अस्पृश्य समजला गेलेला रोगी आला तर त्याला हात कोण लावणार? नाडी हात न लावता बघता येत नाही. जखम लांबून धुता येत नाही. शिवायचंच नाही म्हटल्यावर त्या माणसापुरता दवाखाना नसल्यातच जमा.

१९१७ मध्ये सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. त्याच्या पुढच्या वर्षी, जून १९१८ मध्ये, महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून गेले. ऐन तारुण्यातला मुलगा. बाप आतून मोडला. एखाद्यानं सगळं सोडून दिलं असतं. पण महाराजांचे सगळ्यात धारदार हुकूम याच्या नंतरचे आहेत. महार, मांग, रामोशी अशा जातींना पोलिसांकडं रोज द्यावी लागणारी हजेरी बंद केली. चोर म्हणून हाकलल्या जाणाऱ्या फासेपारध्यांना सोनतळीला घरं आणि नोकऱ्या दिल्या होत्याच.

आणि जानेवारी १९१९ मध्ये दवाखान्यांसाठी हुकूम निघाला. अस्पृश्य रोगी आला तर त्याला इतरांसारखंच आपुलकीनं वागवायचं, तपासायचं, हात लावायचा. दाखला दिला होता तो शेजारच्या मिरजेच्या अमेरिकन मिशन दवाखान्याचा. डॉ. वानलेस यांच्या त्या दवाखान्यात सगळ्या जातींचे रोगी उपचार घेत होते. तिथं जमतं तर इथं का नाही, असा सरळ मुद्दा. त्याच सुमारास अधिकाऱ्यांनाही बजावलं गेलं की संस्थानच्या नोकरीत आलेल्या अस्पृश्यांशी बरोबरीनं वागायचं. ज्याला हे जमणार नाही त्यानं सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, आणि पेन्शनची आशा ठेवू नये. त्याच वर्षी विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, सरकारी इमारती सगळ्यांना खुल्या झाल्या. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सर्वांच्या शाळेत बसवायचा हुकूम झाला. पंगत एक करायचं राहिलं होतं ना? ते हे.

कागदावरचा हुकूम अंगात मुरत नाही हे महाराजांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून गंगाराम कांबळे यांची गोष्ट महत्त्वाची. राजवाड्याच्या पागेत काम करणारा हा माणूस. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून त्याला बेदम मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि गंगारामला भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढून दिलं. आता अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा घ्यायचे, आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावायचे. एक कप चहा... पण शंभर हुकुमांचं काम त्यानं केलं. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत हाच राजा तरुण डॉ. आंबेडकरांच्या पाठीशी उभा राहिला.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराज गेले. वय पुरतं अठ्ठेचाळीसही नव्हतं. कारभार केला अठ्ठावीस वर्षं.

ते राजे होते, म्हणून त्यांना हुकूम काढता आला, आपण काय करणार, असं वाटणं साहजिक आहे. पण राजे तर हिंदुस्थानात शेकड्यांनी होते. आणि उद्या आपण कुणी पाणीपुरवठ्याची लाइन टाकू, कुणी दवाखान्याची इमारत बांधू, कुणी त्याचं सॉफ्टवेअर लिहू. ड्रॉइंगवर सगळं बरोबरच असतं. रॅम्प आहे, नळ आहे, फॉर्म ऑनलाइन आहे. पण शेवटच्या माणसाला तिथवर पोचता येतंय का, पोचल्यावर त्याला लाज न वाटता ते घेता येतंय का, हे ड्रॉइंगवर दिसत नाही. त्यासाठी दुष्काळी कामावर, प्लेगच्या माळावर, चहाच्या टपरीवर जाऊन उभं राहावं लागतं. एकोणिसाव्या वर्षी गादीवर बसलेल्या त्या मुलानं ते केलं.

२०२० मध्ये कोरोना आला आणि आपल्यासारख्यांची हॉस्टेलं एका रात्रीत रिकामी झाली. कित्येक ठिकाणी त्याच खोल्यांत पुढं रोग्यांसाठी खाटा पडल्या. हॉस्टेल आणि दवाखाना यांचं नातं कोल्हापूरला नवीन नाही, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं असेल का कोण जाणे.

मराठीत साथ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक येते ती, आणि एक द्यायची असते ती. पहिली आली की दुसरी द्यायला कोण उभं राहतं, यावर माणसाची परीक्षा होते. पुढच्या वेळी दसरा चौकात बसला उशीर झाला, तर एकदा पुतळ्याकडं बघा, मग बोर्डिंगांकडं, मग दवाखान्याच्या रस्त्याकडं. आणि रूमवर परत आल्यावर शेजारच्या खोलीत कुणी तापानं पडलंय का, एवढं तरी दार ठोठावून विचारा.